एकनिष्ठा आणि एकाधिकार

माणदेशातल्या कोणत्याही घरात डोकावून पाहावे. दहिवडी असो, म्हसवड असो, की माणगंगेच्या काठाने खाली सांगली जिल्ह्यात उतरून आटपाडीचा परिसर असो. भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असतेच. तिच्यावर ठळक अक्षरांत इसवी सन असतो, शेजारी शालिवाहन शके असते, बारीक अक्षरांत विक्रम संवत आणि हिजरी महिनाही असतो. 'इसवी' म्हणजे ईसाचा, येशूचा. शिखर शिंगणापूरच्या चैत्रयात्रेचा दिवस पाहणारा शेतकरी आणि गोंदवल्याच्या पुण्यतिथी-उत्सवाची तिथी विचारणारी त्याची म्हातारी आई, असे दोघेही रोज नकळत येशूच्या नावाने काळ मोजत असतात. त्यामुळे कोणाचा धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही. एकाच पानावर चार कालगणना सुखाने नांदू शकतात, हे या मातीला कोणी शिकवावे लागलेले नाही.

प्रश्न उभा राहतो तो या चारांपैकी एक गणना उठून 'काळ तो माझाच, उरलेल्यांना काळ मोजण्याचा अधिकारच नाही' असे म्हणू लागते तेव्हा. ख्रिस्ती धर्मातील येशूच्या सर्वश्रेष्ठत्वाचा प्रश्न नेमका हा आहे. त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांवर होते. एका टोकाला 'सर्व धर्म सारखेच' हे गुळगुळीत वाक्य फेकून मोकळे होणारे आहेत. त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्र वाचलेले नसते. दुसऱ्या टोकाला येशू हे नाव उच्चारताच कपाळाला आठ्या घालणारे आहेत. त्यांनीही ते वाचलेले नसते. या दोन्ही टोकांना सोडून, दावा नेमका काय आहे आणि तो का स्वीकारता येत नाही, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

दावा काय आहे?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशूच्या तोंडी असे विधान आहे की, पित्याकडे नेणारा मार्ग तो स्वतःच असून त्याच्यावाचून तेथे कोणाला जाता येत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र सांगतो की, तारण दुसऱ्या कोणाच्याही ठायी नाही, दुसरे कोणतेही नाव त्यासाठी दिलेले नाही. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात स्वर्ग, पृथ्वी आणि पाताळ येथील प्रत्येकाने येशूच्या नावापुढे गुडघे टेकावेत, असे म्हटले आहे. ही विधाने कोपऱ्यातील नव्हेत. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी ती उभी आहेत. म्हणूनच 'येशू हा एक थोर संत होता' असे आपण आदराने म्हणतो, तेव्हा श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाला तो सन्मान वाटत नाही. त्याच्या दृष्टीने आपण सम्राटाला सरदारकी देऊ केलेली असते.

ही श्रद्धा केवळ पुस्तकात राहत नाही, ती दिवसभर जगली जाते. सकाळची प्रार्थना येशूच्या नावाने होते. जेवणापूर्वी ताटावर हात जोडले जातात ते त्याच्या नावाने. मागणे काहीही असो, आजारातून उठण्याचे, परीक्षेत यश येण्याचे, पाऊस पडण्याचे. शेवटी 'येशूच्या नावाने मागतो' असे म्हटल्यावाचून प्रार्थना पुरी होत नाही. घराचा खरा धनी ख्रिस्त आहे, अशा अर्थाची पाटी अनेक ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर दिसते. बारसे, लग्न, अंत्यविधी, रविवारची उपासना, नाताळ आणि वधस्तंभापूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ हे सारे त्या एका व्यक्तीभोवती फिरते.

यात आक्षेप घेण्याजोगे काय आहे? काहीही नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. माण तालुक्यात राहून एकनिष्ठेला नावे ठेवणारा माणूस करंटाच म्हणावा लागेल. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५-१९१३) यांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: रामनाम. उठता राम, बसता राम, जेवता राम, प्रपंच करता राम. आजार, कर्ज, पोराचे लग्न, म्हाताऱ्याचे मरण या साऱ्यांवर त्यांचे उत्तर नामाचेच होते. त्यांच्या अनुयायाच्या दिवसाचा आरंभ, मध्य आणि शेवट नामाने भरलेला असतो. तेव्हा एका नामाला सर्वस्व मानणारा ख्रिस्ती शेजारी आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. त्याची एकनिष्ठा आपल्याला कळते.

पण गोंदवल्याचा रामभक्त चैत्रात शिंगणापूरच्या मुंगी घाटातून शंभू महादेवाच्या कावडी चढताना पाहतो तेव्हा हात जोडतो. म्हसवडच्या सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो तेव्हा तोही दोराला हात लावतो. त्याच्या देव्हाऱ्यात कुलदैवताचे टाक असतात, आईच्या माहेरची देवी असते, आजोबांची तुळशीची माळ असते. रामावाचून आपल्याला गती नाही, असे तो मनापासून म्हणतो. रामावाचून शेजाऱ्याला गती नाही, असे म्हणण्याची त्याला गरज पडत नाही. पहिले विधान एकनिष्ठेचे आहे, दुसरे एकाधिकाराचे. ख्रिस्ती धर्मशास्त्राने ही दोन विधाने एकाच दाव्यात बांधली आणि पहिल्याच्या पुण्याईवर दुसरे जगात फिरवले. आपला वाद आहे तो या बांधणीशी.

साताऱ्यातील देवाचा दरबार

ही गाठ किती घट्ट आणि किती जाचक आहे, याचा दाखला शोधायला रोमला जाण्याचे कारण नाही. तो साताऱ्यातच आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते मूळचे कोकणातले, संस्कृतचे जाणकार, हाडाचे कवी. त्यांच्या धर्मांतराने घर फुटले. लक्ष्मीबाईंनी ती होरपळ 'स्मृतिचित्रे'त अशा निर्मळपणे लिहून ठेवली आहे की, ती वाचताना कोणत्याही पक्षाच्या वाचकाचे डोळे ओले व्हावेत. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत राहिले, 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन करीत राहिले आणि गीते लिहीत राहिले. मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही त्यांच्या गीतांचा वाटा फार मोठा आहे.

टिळकांच्या श्रद्धेत येशूचे स्थान काय होते? निःसंशय सर्वोच्च. त्यांना 'खरे म्हणजे हिंदूच' ठरवण्याचा खटाटोप करणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. मात्र तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. त्यांचा येशू अभंगाच्या चालीत आला, कीर्तनात उभा राहिला, गुरू म्हणून त्यांच्या मनात बसला. आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून हा माणूस साताऱ्यात येऊन संन्यस्त वृत्तीने राहिला. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त तेथे एका पंगतीत बसतील, अशी ती कल्पना होती.

वाचकांनी या कल्पनेवर क्षणभर थांबावे. बावीस वर्षे मिशनच्या छायेत घालवलेल्या, येशूला सर्वस्व मानणाऱ्या एका मराठी माणसाला अखेरीस असे वाटले की, येशूची भक्ती वेगळी आणि चर्चचा शिक्का वेगळा. भक्ताने आपले घर, आपली माणसे, आपली भाषा न सोडता येशूला भजावे, याची वाट त्याला मिशनच्या आवारात सापडली नाही; म्हणून त्याने आवाराबाहेर दरबार भरवला. दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबाराला त्यांचे बळ उरले नाही. मात्र तो दरबार एक प्रश्न मागे ठेवून गेला: तुकोबांच्या पुलावरून टिळक पैलतीरी पोहोचले, तर खुद्द तुकोबा कोठे आहेत? ज्याने पूल बांधला तो पुलाच्या मध्यावरच अडकून पडला काय? एकाधिकाराच्या सिद्धांताला या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही. 'तुकोबा पोहोचले' म्हणावे, तर येशूवाचून मार्ग असल्याचे कबूल करावे लागते. 'पोहोचले नाहीत' म्हणावे, तर ज्याच्या खांद्यावर बसून टिळक वर आले त्यालाच खाली लोटावे लागते. मराठी माणसाची जीभ त्यासाठी वळत नाही. टिळकांचीही वळली नसती.

रमाबाईंचा प्रश्न

टिळकांच्याही आधी हाच प्रश्न निराळ्या वाटेने एका मराठी विदुषीपुढे उभा राहिला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृत विद्येच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांकडून मान मिळवलेली ही स्त्री तेथील भगिनीसंघाच्या आश्रयाला होती. सिस्टर जेराल्डीन या तिच्या धर्ममाता. या दोघींचा पुढील पत्रव्यवहार छापील रूपाने उपलब्ध आहे आणि तो प्रत्येक जिज्ञासूने वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे ईश्वरत्व यांविषयी रमाबाई प्रश्न विचारतात. बायबल आपण आपल्या सद्सद्विवेकाने वाचू, कोणा धर्माधिकाऱ्याच्या आज्ञेने नव्हे, असे बजावतात. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का हवीत, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असेही त्या विचारतात. यावर त्यांना गर्व सोडण्याचा आणि अधिकाराला शरण जाण्याचा उपदेश मिळतो.

येथे इतिहासाची एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येशू आणि परमपिता यांचे नाते नेमके काय, याविषयी ख्रिस्ती धर्मपंडितांतच पहिली तीन शतके आणि त्यानंतरही घनघोर वाद चालला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकिया येथे परिषद बोलावली. तेथे एरियसचे मत पाखंड ठरले. २०२५ मध्ये या परिषदेची १७०० वर्षे जगभर साजरी झाली. ज्या प्रश्नावर बिशपांनी एवढे रण माजवले, तोच प्रश्न एका मराठी स्त्रीने आपल्या बुद्धीने विचारला तेव्हा तो अहंकार ठरला! रमाबाई पुढे येशूच्या चरणी पूर्णपणे लीन झाल्या, केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभारले, दुष्काळातील अनाथ मुलींना पोटाशी धरले, बायबलचे मराठी भाषांतर केले. हे सर्व मान्य केलेच पाहिजे. पण त्यांची निष्ठा त्यांच्या अंतःकरणातून उमलली होती. अधिकाऱ्यांनी दरडावून ती निर्माण केलेली नव्हती. निष्ठा आणि अधिकार या दोन वस्तू वेगळ्या आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

म्हातारी कोठे गेली?

तत्त्वचर्चा बाजूला ठेवून आता अगदी घरगुती प्रश्न विचारू. माणदेशातील एखादी म्हातारी डोळ्यांपुढे आणा. सहा-सात दुष्काळ पाहिलेली, पाण्यासाठी कोसभर चाललेली, दारी आलेल्याला अर्धी भाकरी मोडून देणारी, हातातील माळेवर राम राम म्हणत शेवटचा श्वास सोडणारी. येशूचे नावही तिने कधी ऐकले नाही. ती कोठे गेली?

हा प्रश्न काल्पनिक नाही. गोव्यात ज्यांचा देह आजही जपून ठेवला आहे, त्या फ्रान्सिस झेवियर यांना जपानमधील नवख्रिस्त्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. आमचे आईबाप, आमचे पूर्वज, त्यांचे काय? आमच्या प्रार्थनेने, दानाने त्यांची सुटका होईल काय? नरकात गेलेल्याला सुटका नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. ते लोक रडले, हेही झेवियर यांनीच १५५२ मध्ये आपल्या पत्रात लिहून ठेवले आहे. आणि त्यांचे रडणे पाहून आपल्याला वाईट वाटल्याचेही लिहिले आहे. झेवियर क्रूर होते असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांना दुःख झाले. पण सिद्धांताने त्यांचे हात बांधलेले होते. ज्या सिद्धांतामुळे दयाळू माणसालाही दया दाखवता येत नाही, तो सिद्धांत तपासून पाहणे हा धर्मद्रोह नसून धर्मकर्तव्य आहे.

आज चर्चची भाषा मऊ झाली आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४-६५ मध्ये, स्वतःचा दोष नसता ज्यांना शुभवर्तमान कळले नाही त्यांनाही तारण मिळू शकते, असे मान्य केले आणि अन्य धर्मांतील सत्याचा आदरपूर्वक उल्लेख केला. कार्ल राहनर या जर्मन धर्मपंडिताने अशा सज्जनांना 'अनामिक ख्रिस्ती' म्हटले. म्हणजे आपली म्हातारी वाचली, पण कशी? ती रामाचे नाव घेत असताना तिला न कळत ख्रिस्ती होती, म्हणून! तिची माळ, तिचा राम, तिची भाकरी यांपैकी काहीही तिच्या कामी आले नाही. कामी आले ते तिला ठाऊक नसलेले नाव. जिवंतपणी जिने कोणाचे उसने ठेवले नाही, तिला मेल्यावर दुसऱ्याच्या खात्यावर चढवणे याला औदार्य म्हणावे काय?

आपल्यातही तसेच नाही काय?

येथे सुबुद्ध ख्रिस्ती वाचक दोन आक्षेप घेईल आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप: गीतेतही नवव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात की, अन्य देवतांचे भक्त शेवटी माझेच यजन करतात, जरी ते विधिपूर्वक नसले तरी. मग राहनरने वेगळे काय सांगितले? आक्षेप वजनदार आहे. पण त्याच गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान असेही सांगतात की, जो भक्त ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्याच रूपाच्या ठायी मी त्याची श्रद्धा अढळ करतो. फरक येथे आहे. गीतेचा ईश्वर म्हातारीची माळ काढून घेत नाही. तिच्या बोटांत ती अधिक घट्ट धरवतो. राहनरच्या मांडणीतला अनामिक ख्रिस्ती मात्र आज ना उद्या नामांकित ख्रिस्ती व्हावा, अशीच अपेक्षा राहते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. माणच्या शेजारीच फलटण आहे, महानुभाव पंथाचे मोठे क्षेत्र. एका परमेश्वरावाचून मोक्ष देणारा दुसरा कोणी नाही, देवतांना ते सामर्थ्य नाही, अशी त्या पंथाची निःसंदिग्ध धारणा आहे. अनन्यतेचा इतका कडक आग्रह आपल्याच मराठी भूमीत सात-आठशे वर्षे नांदला. मग ख्रिस्त्यांनाच दोष का? याचे उत्तर असे की, महानुभाव ज्याला चुकलेला समजतो त्याच्यासाठीही काळाचे दार बंद होत नाही. जीव आज भटकला तर उद्या, या जन्मी नाही तर पुढच्या कोणत्या तरी जन्मी मार्गावर येईल. पुनर्जन्माच्या कल्पनेने आपल्याकडील प्रत्येक कडव्या मताची धार बोथट केली. रूढ ख्रिस्ती मतात जन्म एकच, न्यायनिवाडा एकदाच आणि शिक्षा कायमची. अनन्यतेला मुदतीची जोड मिळाली की तिचे एकाधिकारात रूपांतर होते. मग शेजाऱ्याला 'वाचवण्याची' घाई होते. त्या घाईतच माणूस शेजाऱ्याच्या श्रद्धेकडे श्रद्धा म्हणून पाहणे विसरतो.

आतल्यांनाच जाच

या एकाधिकाराचा जाच केवळ इतरांना होतो असे नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये, ऐन दिवाळीत, पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीला आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे भरघोस पीक निघेल, अशी आशा व्यक्त करणारा दस्तऐवज त्यांनी येथेच प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीने 'डोमिनुस येसुस' हे निवेदन निघाले. अन्यधर्मीयांना ईश्वरी कृपा लाभू शकते, पण वस्तुतः त्यांची अवस्था चर्चमधील लोकांच्या तुलनेत अत्यंत उणी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. हेच रॅट्झिंगर २००५ मध्ये पोप झाले. प्रॉटेस्टंटांतील प्रचारप्रवण प्रवाहांनीही १९७४ च्या लोझान परिषदेत येशूच्या एकमेवत्वाचा असाच पुनरुच्चार केला होता.

आणि आपल्या लोणावळ्याचे काय झाले? मुंबईत जन्मलेले जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांची तेथील साधना संस्था अनेकांना परिचित आहे. ध्यान, श्वास, बोधकथा, उपनिषदांचा आणि सूफींचा सुगंध त्यांच्या पुस्तकांत आहे. १९८७ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्यांची काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याची अधिकृत सूचना रोमहून निघाली. येशूला इतर गुरूंच्या शेजारी एक गुरू म्हणून बसवणे, हा त्यांच्यावरील प्रमुख आक्षेपांपैकी एक होता. मृत माणसाला बाजू मांडता येत नाही. टिळकांना मिशन सोडावेसे वाटले, रमाबाईंना दटावले गेले, डिमेलोंना मरणोत्तर समज मिळाली. भारतीय मातीत येशू जेव्हा जेव्हा मोकळा श्वास घेऊ लागतो, तेव्हा तेव्हा त्याचे पहारेकरीच अस्वस्थ होतात!

सप्टेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला तरुणांपुढे बोलताना पोप फ्रान्सिस यांनी सर्व धर्म हे ईश्वराकडे जाणारे मार्ग असून ते निरनिराळ्या भाषांसारखे आहेत, अशा आशयाचे उद्गार काढले. ते ऐकून आपल्याकडील कोणा वारकऱ्याला आश्चर्य वाटले नसते. टीका झाली ती कॅथलिक जगातूनच. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस निवर्तले. 'डोमिनुस येसुस' मागे घेतले गेलेले नाही. एका पोपच्या मनाने मोकळे होणे आणि एका सिद्धांताने मोकळे होणे यांत अंतर आहे.

आपल्या पदरातील माप

आता आरसा स्वतःकडे वळवला पाहिजे. नाहीतर हा सारा खटाटोप पोकळ आहे. येशूचा दावा एकाधिकाराचा आहे हे खरे. पण आपल्या समाजातील माणसे त्या दाव्याकडे केवळ फसून गेली, असे समजणे आत्मवंचना आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर परिसरात बाप्तिस्मे वाढले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत गावकुसाबाहेर ठेवलेले लोक मोठ्या संख्येने होते. ज्यांना आपण पाणवठ्यावर येऊ दिले नाही, देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांना कोणीतरी नावाने हाक मारली आणि ते गेले. त्यांच्या दृष्टीने दार एकच उघडे होते. मग ते 'एकमेव दार' म्हणाले यात नवल कसले? त्यांच्यापुरता तो एकाधिकार आपणच निर्माण केला होता. सांगली जिल्ह्यात मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. तेथे ज्यांच्या घरातील माणूस वाचला, ते त्यांना कृतज्ञतेनेच आठवणार. सेवेला सेवेनेच उत्तर द्यावे लागते. निषेधाच्या ठरावाने ते देता येत नाही.

ते उत्तर माणदेशात दिले गेले आहे. दुष्काळात गोंदवलेकर महाराजांनी आपल्या शेतात कामे काढून भुकेल्यांना पोटभर अन्न दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. गोंदवल्यात आजही दुपारच्या पंगतीला येणाऱ्याला कोणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही, अनुग्रह घेतला आहे की नाही हेही विचारत नाही. भाकरीला अट नाही आणि नामालाही अट नाही. एकाधिकाराला याहून समर्थ उत्तर कोणताही ग्रंथ देऊ शकणार नाही.

माणला लागूनच खटाव तालुका आहे. तेथील कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, येशूविषयी त्यांनी गौरवाने लिहिले, हिंदू धर्मग्रंथांवर त्यांनी आसूड ओढले. तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त एका घरातील माणसांनी निरनिराळे धर्म पत्करले तरी सर्वांनी परस्परांवर प्रेम करीत एकत्र नांदावे, असे चित्र त्यांनी रंगवले आहे. आपल्यावर कठोर प्रहार करणाऱ्या या पुरुषाचे हे चित्र डोळ्यांपुढे ठेवण्याइतका मोठेपणा आपल्यात असला पाहिजे. येशूला गौरवणाऱ्या जोतीरावांनी येशूला एकाधिकार मात्र दिला नाही, हे आपल्या ख्रिस्ती मित्रांनीही ध्यानात घ्यावे.

वाद हवा, वैर नको

१८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर आठवड्याला पाद्र्यांशी जाहीर वाद घालीत. दोन्ही बाजूंचे लोक ऐकायला येत. वाद तिखट होई. पण तो शब्दांचा असे आणि पुढे तो छापलाही गेला. ही आपली परंपरा आहे. प्रार्थनागृहावर दगड मारणारा हात विष्णुबुवांचा वारस होऊ शकत नाही. त्या हाताने वाद हरल्याचीच कबुली दिलेली असते. मताचे खंडन करावे, माणसाचा मान राखावा. मिरजेचा, साताऱ्याचा, वाईचा मराठी ख्रिस्ती आपल्याच भाषेत देवाला हाक मारतो. त्याच्या घरात येशूचे सिंहासन सर्वांत उंच असो. त्याबद्दल तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आपले मागणे एवढेच आहे की, गावात दुसरे सिंहासनच नाही असे त्याने म्हणू नये. आपली म्हातारी कोठे गेली, हा प्रश्न त्याला आदराने आणि आग्रहाने विचारावा. 'ती देवापाशी गेली' असे तो निःशंकपणे म्हणेल, त्या दिवशी साताऱ्यात टिळकांनी मांडलेला आणि अर्ध्यावर राहिलेला दरबार पुरा भरेल. तोवर वाद चालू राहो. आणि वाद चालू असताना गोंदवल्याच्या पंगतीत त्याच्यासाठीही एक पान वाढलेले असो.